वाटीत काय होतं?

बारामतीत आमच्या दारापुढचा रस्ता रुंद झाला, मधोमध दुभाजक आला, दुभाजकात बोगनवेल आली. पाहुणे म्हणतात, परदेशात आल्यासारखं वाटतं. वाटू दे. माझी आई आणि तिची थोरली बहीण या रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर राहतात, आणि पलीकडे जायचं तर आता पार चौकातून वळसा. आखणी करणाऱ्याला बहीण नसावी.

पूर्वी दोघींच्यात दिवसाआड भाजीची वाटी फिरायची. आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, ही त्यांच्या माहेरची, शेळगावची रीत. त्यामुळे ये-जा कधी थांबायचीच नाही, आणि कोण कुठं निघालंय तेही वाटीबरोबर कळायचं. दुभाजक झाला आणि मावशीची शेवटची वाटी आमच्याच मांडणीवर राहिली. मी दोघींना व्हिडिओ कॉल शिकवला. प्रश्न मिटला असं मला वाटलं.

पुढं शेजारणीला तिच्या मुलाच्या हुबेहूब आवाजात भामट्यांचा फोन आला आणि तिचे पैसे गेले. तोंड शेजारणीचं पोळलं, ताक मात्र आई फुंकून प्यायला लागली. मला तिचं कौतुकच वाटलं.

एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आईनं स्पीकर लावला. मावशीचा आवाज, रडवेला.

"अगं मी हाय, आक्का. इंदापूरच्या स्टँडवर पडले. माझा फोनबी फुटला, ह्या बाईंच्या फोनवरनं बोलतीया. ये गं."

"आक्का हायस, तर सांग, तुझी शेवटची वाटी आली तवा तीत काय हुतं?"

"वाटी कसली घिऊन बसलीस? पाय हलंना माझा!"

आईनं फोन कापला. "बघ, न्हाय सांगता आलं," ती मला म्हणाली. आक्का आपल्याला न सांगता इंदापूरला जाईलच कशी, असं तिचं म्हणणं. मावशीचा नंबर लावला, तो बंद होता. फाटकातून पलीकडे पाहिलं तर नुसती बोगनवेल दिसली. वळसा घालून मावशीचं दार बघून यावं, हे दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

त्या आवाजानं पैसे मागितलेच नव्हते. नुसतं 'ये' म्हटलं होतं. हे ध्यानात आलं संध्याकाळी, मावशीच्या मुलाचा दवाखान्यातून फोन आल्यावर. खुब्याचं हाड मोडलं होतं. आईकडे बघायचीही मला लाज वाटली.

मावशी आता घरी आहे, अंथरुणातच. आईला ती एका शब्दानं बोलली नाही. फक्त तिचा फोन आला की हॅलोच्याही आधी, घाईघाईनं सांगते, "भरली वांगी हुती गं, भरली वांगी."

आई फोन माझ्या हातात देते आणि चपला शोधायला लागते.