टेस्टमध्ये शून्य मिळालेली शैला

परवा कळंबोलीला आमच्या ऑफिसात डेटा एन्ट्रीच्या एका जागेसाठी टेस्ट होती, आणि ती घ्यायला मीही होते. सगळ्या मुली विशी-बाविशीच्या, आणि त्यांच्यात एक बाई माझ्याच वयाची, पन्नाशीला टेकलेली... मांडीवर सर्टिफिकेटांचं प्लास्टिकचं फोल्डर घट्ट धरून बसलेली.

तिच्या अर्जात लग्नानंतरची सगळी वर्षं कोरी होती. आमच्या तरुण मॅनेजरने तिथे 'लाँग गॅप' लिहून आधीच लाल गोल करून ठेवला होता. बायकांच्या अर्जांवर हा गोल मी इतक्या वेळा पाहिलाय की आता चिडायचाही कंटाळा येतो.

टेस्ट सुरू झाली. बाईने कागदावर नजर लावली आणि बोटं अशी सुटली की मी बघतच राहिले! फक्त मधूनच तिचा डावा हात वर उठायचा, हवेतच काहीतरी ढकलायचा आणि परत खाली यायचा. शेजारची मुलगी फिस्सकन हसली.

मी मात्र तिच्या जवळ जाऊन उभी राहिले. ओळ संपली की टाइपरायटरचा दांडा डाव्या हाताने असाच ढकलायचा असतो... मी चेहरा नीट पाहिला. विचुंब्याची शैला!

पनवेलच्या बाजारात, किराणा दुकानाच्या माळ्यावर आमचा टायपिंग क्लास होता. शाईचा वास, मशिनींचा खडखडाट, खालून येणारा सुक्या मिरचीचा ठसका... काय सुखाचे दिवस होते! सर आमच्या हातांवर नॅपकिन टाकायचे, आणि कागदावरून नजर हलली की पट्टी. मी तिसाच्या स्पीडला धडपडत होते तेव्हा शेजारी बसणाऱ्या शैलाचा चाळीस पक्का होता.

दहा मिनिटं संपली. स्क्रीनवर निकाल आला, शून्य. कर्सर चौकटीत नव्हताच, आणि या बाईने एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं. आमच्या सरांचीच विद्यार्थिनी ही चूक करू जाणे!

"मी तं सगलं टाइप केलं वो मॅडम..." एवढंच ती म्हणाली आणि फोल्डर बंद करायला लागली. मॅनेजर 'नेक्स्ट' म्हणून मोकळा झाला होता.

मी त्याला थांबवलं. म्हटलं, क्लिक करायला शिकवायला एक मिनिट लागतं, न बघता टाइप करायला आम्हाला दोन वर्षं लागली होती. तिला पुन्हा बसवलं. दुसऱ्या वेळी तिच्या जवळपासही कुणी नव्हतं. जागा तिलाच मिळाली.

नंतर चहा पिताना तिने मला ओळखलं, आणि दोघी रडलो. एवढा सराव राहिला कसा, विचारलं. "देवलात आरती चालू असली का तेच शब्द मांडीवर बोटांनी टाइप करायची मी... कोनाला कलायचं पन नाय."

माझी मुलगी सासूबाईंनी सांभाळली म्हणून मी नोकरीवर जाऊ शकले. शैलाची मुलं सांभाळायला कुणी नव्हतं. फरक एवढाच... आणि मी इतकी वर्षं त्याला माझी हुशारी समजत होते.