कादंबरीतली रेक्टर

आमच्या वसतिगृहातल्या नववीच्या एका मुलीनं कादंबरी लिहिलीय, हे मला मराठीच्या सरांनी सांगितलं तेव्हा मी कोठीत तांदूळ मोजून देत होते. हरिहरेश्वरच्या अलीकडे, खाडीच्या तोंडावरच्या त्या निवासी शाळेत मी मुलींची रेक्टर होते. सरांनी ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेली जाड वही माझ्यासमोर ठेवली. मुंबईच्या एका प्रकाशनानं शाळकरी मुलांकडून कादंबऱ्या मागवल्या होत्या. "भुताची आहे, पण पोरीला लिहिता येतं," सर म्हणाले. मुख्याध्यापकांकडे सहीला जाण्याआधी मी वाचावी, असं त्यांचं म्हणणं होतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुपारी मुली वर्गात गेल्यावर मी वाचायला बसले. समुद्रकाठची शाळा, सुरूच्या बनात हरवणारी वाट, आणि एक रेक्टर. तिच्या चपलांचा आवाज येत नाही. ती मुलींना एकेक करून वरच्या खोलीत नेते. तिथून बाहेर आलेल्या मुलीला आईचा चेहरा आठवत नाही. घरून फोन आला की रेक्टरच त्या मुलीच्या आवाजात बोलते आणि सांगते, मी मजेत आहे. सुरुवातीला मला हसू आलं. मग खोलीचं वर्णन आलं. खालच्या काचांना पांढरा रंग फासलेली खिडकी. भिंतीवर खताच्या दुकानाचं जुनं कॅलेंडर. बाहेरून लावलेली कडी. आणि दार जरासं उघडून पायानं आत सरकवलेलं ताट.

ते ताट मी सरकवलं होतं.

ही मुलगी सातवीत असताना तिला कांजिण्या आल्या होत्या. मला लहानपणी आल्या नव्हत्या, आणि या वयात आल्या तर जीव जातो, असं कुणीतरी माझ्या मनात भरवलं होतं. अकरा दिवस मी तिला वरच्या आजारखोलीत ठेवलं. लहान मुली आत शिरतील म्हणून कडी लावली, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. तिला आई नव्हती. वडील कुवेतला. दर रविवारी ते माझ्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल करायचे. त्या रविवारी मी त्यांना सांगितलं, मुली सहलीला गेल्यात. ती वरून दार वाजवत होती. मी बोलत बोलत अंगणात गेले.

कादंबरी वाचून झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. ती दारातच उभी राहिली. मी बस म्हटलं, तरी बसली नाही. वाचली, एवढंच मी म्हणाले. पुढचं मला जुळवता येईना. तीच म्हणाली, "मॅडम, ताट हातानं का नाही द्यायचात?"

"भीती वाटायची."

"माझी?"

मी होकारार्थी मान हलवली. तिनं खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, की सरांनी सांगितलं तरी ती यातलं काही बदलणार नाही. बदलू नकोस, मी म्हणाले. ती गेली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मी तरी.

मुख्याध्यापकांना कादंबरी आवडली नाही. संस्थेचं नाव खराब होईल, पोरीनं मनाचं काहीतरी रचलंय, असं ते म्हणाले. तेव्हा मी त्यांना सांगितलं, की भुताचं सोडलं तर खोलीचं सगळं खरं आहे. त्यांनी वही मिटली.

"मग तर पाठवायचीच नाही," ते म्हणाले.

मी वाद घातला नाही. शेजारी बसलेल्या मराठीच्या सरांनीही नाही. वही तिला परत गेली आणि परीक्षा झाल्यावर तिच्या घरच्यांनी दाखला मागितला. श्रीवर्धनला मावशीकडे राहून ती दहावी करणार होती.

दाखला न्यायला तिची दादी आली. बुरखा घातलेली, गुडघ्यांनी थकलेली बाई. मला बघून तिनं माझे दोन्ही हात धरले. पोराला सुट्टी मिळाली नाही म्हणून आपण आलो, म्हणाली, आणि पिशवीतून खजुराचा डबा काढला. "कुवेतवरनं पाठवलाय, तुमच्यासाठी. पोर आजारी व्हती तवा तुमी आईसारखं जपलंत. हिनं सांगितलं आमाला."

मुलगी शेजारीच उभी होती, बॅग पायाशी ठेवून. मी तिच्याकडे पाहिलं. ती दादीच्या पिशवीची चेन लावत होती, आणि ती लागत नव्हती.

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. "दादी, एसटी चुकेल," ती म्हणाली. दादीनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि दोघी निघाल्या. डबा हातात घेऊन मी पायरीवर उभी होते. फाटकाशी दादी एकदा वळली. मुलगी वळली नाही.

कादंबरीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. विचारायला तिच्या वडिलांचा नंबर आहे माझ्याकडे. अजून लावलेला नाही.