आईच्या हाती रिमोट

बाबा इंदूरच्या एका मिलमध्ये वायरमन होते. मिल बंद पडल्यावर ते दिवसदिवस गप्प बसून असत. माझी मोठी बहीण तेव्हा नुकतीच इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नोकरीला लागली होती. एका रविवारी तिने रिमोटवर चालणारा दिव्याचा स्विच आणून बाबांपुढे ठेवला.

"आईचे गुडघे दुखतात, तिला सारखं उठायला नको," ती म्हणाली.

बाबांनी मेन बंद करून बोर्ड उघडला आणि दुपारभर त्यातच रमले. अंधारून आल्यावर त्यांनी रिमोट आईला दिला. तिने पलंगावर बसूनच बटण दाबलं, दिवा लागला, आणि ती लहान मुलीसारखी हसत सुटली. थोड्या वेळाने बाबा पेपर वाचत असताना तिने मुद्दाम दिवा घालवला.

"अगं, बातमी अर्धी राहिली," बाबा म्हणाले.

"आधी चहा टाका, मग लावते."

बाबा हसत स्वयंपाकघराकडे वळले. दारात उभे असलेले शेजारी म्हणाले, "भियाजी, हमारे यहाँ भी लगा दो."

दिवाळीपर्यंत राजेंद्र नगरातल्या आमच्या गल्लीत बाबांनी कितीतरी घरी रिमोट बसवले. रोज जेवताना आम्हाला त्या घरांतल्या गमती ऐकाव्या लागत.