घासलेली कड

सिंगापुरात, सेरंगूनच्या मॉलमध्ये जपानी काचेची घंटा वाऱ्यावर किणकिणली आणि मला आमची जुनी खिडकी आठवली. जहाजावर इंजिनिअर असलेल्या माझ्या नवऱ्याने, सुधीरने, जपानहून अशीच एक घंटा आणून त्या खिडकीत टांगली होती. नाद खुलावा म्हणून कारागीर तिची कड मुद्दाम खरबरीत ठेवतात, हे त्याला कुठे ठाऊक! "छोटीचं बोट कापेल गं," म्हणत त्याने पॉलिश पेपरने ती घासून गुळगुळीत केली. मग ती नुसतीच टकटक वाजायला लागली. मी पोट धरून हसले होते. त्यानंतर तो जहाजावर गेला, तो परत आलाच नाही.

"आई, आपली नीट वाजतच नाही. बाय धिस वन, लाह," आता माझ्याहून उंच झालेली लेक म्हणाली.

मी तिचं बोट हातात घेतलं. त्यावर साधा ओरखडाही नव्हता.