गाड्यांच्या नंबरातून शब्द काढणारे विसूकाका

आईला एकटं ठेवणं शक्य नाही असं दिसल्यावर मी बदली मागून घेतली आणि कोरगावच्या घरी राहायला आले. पहिल्याच सकाळी आठच्या सुमारास शाळेला निघाले, तर शेजारच्या घराच्या सोप्यावर बसलेले गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "गुड आफ्टरनून." मी गोंधळले, पण मास्तरीण असल्यामुळे दुरुस्त करून "गुड मॉर्निंग" म्हटलं. ते ओशाळले.

"तुका नाय गो बाय. त्या ट्रकाक."

रस्त्यावरून नुकताच एक ट्रक धूळ उडवीत गेला होता. हे विसूकाका. डिचोलीकडच्या एका खाणीवर वजनकाट्याचे कारकून होते. खाण बंद पडली तेव्हा घरी येऊन बसले. पत्नी पूर्वीच गेलेली, मुलगा मुरगावला बंदरात नोकरीला. काट्यासमोर दिवसभर ट्रकांची रांग असायची. डोळा लागू नये म्हणून काकांनी तिथे एक खेळ काढला होता, तो घरी आल्यावरही सुटला नाही. गाडीच्या नंबरपाटीवरची इंग्रजी अक्षरं घ्यायची आणि ती त्याच क्रमाने ज्यात येतात असा लांबात लांब इंग्रजी शब्द शोधायचा. डिचोलीच्या ट्रकावर जी, ए आणि टी. 'गुड आफ्टरनून'मध्ये ही तिन्ही क्रमाने येतात.

"पण दोन शब्द जोडून केलेला अर्धाच धरूचा," ते मला समजावीत. "खरो माल म्हणजे 'काँग्रॅच्युलेशन्स'. एक शब्द, पंधरा अक्षरां. बघ मोजून."

मी शाळेत फळ्यावर लिहून मोजलं. पंधराच होती. काकांचं शिक्षण मराठी शाळेत अकरावीपर्यंत झालेलं. इंग्रजी बोलायची वेळ आली की ते घाम पुसत, पण शब्दकोश वाचून वाचून त्याची पाठीकडची शिवण उसवली होती. अर्थाकडे त्यांचं लक्ष नसे. एकदा मी एका शब्दाचा अर्थ सांगू लागले, तर म्हणाले, "ऱ्हवंदे. अर्थ कळलो की अक्षरां दिसत नाय." गाडीचा पूर्ण नंबर आणि त्यापुढे शब्द, असं ते वहीत लिहून ठेवत. नंबर कशाला, विचारलं तर म्हणत, "पुरावो नको? उगीच कोण म्हणात, म्हाताऱ्यान मनचीच अक्षरां घेतली."

मला हे सगळं पोरकट वाटे. खोटं कशाला सांगू, शाळा आणि आई दोन्ही सांभाळून थकलेल्या मला त्यांच्या रिकामपणाचा रागही येई.

आईचं विसरणं वाढत चाललं होतं. माझं नाव कधी आठवे, कधी नाही. मात्र बांद्याजवळचं माहेर तिला आंब्याच्या झाडांसकट आठवे. मी शाळेत असताना सांभाळायला एक बाई येत असे. एका शनिवारी तिला ताप आला आणि ती लवकर घरी गेली, माझी शाळा सुटायला तासभर होता. मी आले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि आई घरात नव्हती.

आधी देवळात पाहिलं, मग काजूच्या बागेत. वाडीतली माणसं जमली, दोघांनी विहिरीत गळ टाकून पाहिला. तो गळ वर येईपर्यंत मी कठड्याला धरून उभी होते. गळाला काही लागलं नाही. तिथून मी तडक विसूकाकांच्या सोप्यावर गेले.

"आई इथून गेली का?"

काका उभे राहिले. "माका दिसली नाय गो."

"सकाळपासून इथे बसून आहात ना?"

"हंयच बसलंय. पण मी पाट्यो बघतंय बाय. माणसां बघूक नाय."

माझा तोल गेला. चारचौघांसमोर मी म्हटलं, "डोळे उघडे ठेवून बसता आणि समोरचं माणूस दिसत नाही. जळो तुमची ती अक्षरं."

काका तसेच आत गेले. मला वाटलं, रागावले. पण ते वही घेऊन बाहेर आले आणि बोटाने एक ओळ दाखवू लागले. सिंधुदुर्गातल्या टेंपोचा नंबर, एम, एच आणि पी. त्यापुढे 'चँपियनशिप' लिहून खोडलेलं आणि शेजारी 'कंपॅनियनशिप'.

"चालत्या गाडीक माझ्याच्यान एकच शब्द जमता. हंय दोन झाले. म्हणजे हो टेंपो तुझ्या दारासमोर उभो होतो. बाजारात भाजी घालून परत जाय होतो. रिकामो टेंपो कोणाक घेवक थांबलो?"

वही घेऊन आम्ही पोलीस चौकीत गेलो. तिथल्या हवालदाराने ती दोनदा वाचली, मग नंबर लिहून घेतला आणि फोन लावायला सुरुवात केली. अर्ध्या तासात टेंपोवाल्याचा पत्ता लागला. हवालदाराने फोन माझ्या हातात दिला. पलीकडून एक संकोचलेला आवाज आला.

"म्हातारी आजी ना? आसत आमच्याकडे. माहेराक सोड म्हणाल्या म्हणून घेतलंय. त्यांच्या गावात नेलंय, तर घर बंद. नाव विचारलं तर माहेरचाच सांगतत. मग आमच्या घरी हाडलंय. पेज जेवल्यानी, आता झोपल्यात."

मी चौकीतल्या बाकावर बसले. काका दाराशी उभे होते. मी 'सापडली' म्हणून मान हलवली तेव्हा त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले.

ऊन उतरायच्या आत आई घरी आली, त्याच टेंपोतून, पदरात टेंपोवाल्याच्या बायकोने दिलेली अबोली घेऊन. स्वारी खुशीत होती. फिरून आल्याचं तिला आठवत नव्हतं.

त्यानंतर तीन वर्षं काका आमचे शेजारी होते. मी शाळेत असताना ते आमच्याच ओट्यावर बसत. आई त्यांना कधी भाऊ समजे, कधी पोस्टमन. माझ्या मनात मात्र त्या दिवशी मी त्यांना बोललेलं वाक्य रुतून राहिलं होतं. रोज भेट होई, आणि रोज माफी मागायची राहून जाई.

गुडघे अगदीच चालेनात तेव्हा मुलगा त्यांना मुरगावला न्यायला आला. सामान गाडीत चढलं. मी जवळ जाऊन म्हटलं, "काका, त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोलले."

"काय बोललंस?"

"डोळे असून दिसत नाही म्हणून. सगळ्यांदेखत."

काकांनी थोडा विचार केला. "तां होय? बाय, आधी मी भियेवन गेललंय. तू तसा बोललंस म्हणून तर वहीची याद झाली. नायतर तुमच्याबरोबर मीय रडत बसललंय आसतंय."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मुलाच्या खांद्याचा आधार घेतला आणि सावकाश गाडीत बसले. तीन वर्षांत पहिल्यांदाच मी मोकळा श्वास घेतला आणि आत जाऊन आईसाठी चहा ठेवला.