घरचं काही नाही लिहिलेलं

मुलांनो,

आत्याआजी गेल्याचं मी तुम्हाला फोनवर सांगितलं, त्याला आता सहा आठवडे झाले. तेव्हा जे सांगायचं राहिलं, ते लिहिते आहे.

वन्सं, म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, साताऱ्याची शाळेतली नोकरी सोडून इथे आखातात, गुदैबियाच्या या फ्लॅटमध्ये आल्या त्या तुमच्या बाबांना सांभाळायला. मी बँकेत जात होते. बाबा मोठे होऊन इथून दुसऱ्या देशात गेले आणि वन्संनी सत्तरी उलटल्यावर नवा अभ्यास काढला : एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतली दारूबंदीची चळवळ. त्यावरची तयार पुस्तकं त्यांना नको असत. "दुसऱ्याने चघळलेलं मी का खाऊ?" म्हणायच्या. चळवळीतल्या एका बाईची मूळ पत्रं एका ग्रंथालयाने इंटरनेटवर ठेवली होती, त्यांना तीच हवीत. पण नजर अधू झालेली, म्हणून वाचणारी मी. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे ते तिरपं, जोडून लिहिलेलं अक्षर मला लागायचं.

"आज काय म्हणतेय आपली बाई?"

"सभा झाली, वन्सं. मग सगळ्याजणी गुत्त्यासमोर प्रार्थनेला बसल्या."

"आणि तेव्हा घरी कोण होतं?"

"घरचं काही नाही लिहिलेलं. खलास."

"खलास कसं? पोरं काय वाऱ्यावर वाढली? नीट बघ गं, बँकवाली!"

लिहिलेलं होतं... पानंच्या पानं. पोरांचा खोकला, मुरंब्याच्या बरण्या, फाटके मोजे. बँकेतल्या सवयीने मी मुद्द्याचं तेवढंच वाचत होते, आणि घरचं मला मुद्द्याचं वाटलं नाही. एकदा नाही म्हटल्यावर पुढे कबूल करवेना. शेवटी वन्संनी आपल्या लेखात माझ्याच हातून लिहून घेतलं, की या बायकांची घरं कुणी सांभाळली याचा पत्रांत पत्ता लागत नाही. हॉस्पिटलमध्येही म्हणाल्या, "तेवढं एक राहिलं, सुमन." मी त्यांची उशी सारखी केली.

आता रोज सकाळी त्यांच्या टेबलाशी बसून मी पत्रं पहिल्यापासून वाचते, मोठ्याने, एकही ओळ न गाळता. चौथ्याच पत्रात सापडलं. बाई लिहिते, घरी नणंद आहे, मुलांचं सगळं तीच बघते, म्हणून मला सभेला जाता येतं.

मागच्या वर्षी हे पत्र मी वन्संना वाचून दाखवलं होतं... सभेपुरतं.