कांद्याच्या सालींचा रंग

काल लेकीने ईस्टरची अंडी रंगवायला कांद्याच्या साली उकळत ठेवल्या. त्या उग्र वासासरशी मला कोल्हापूरचं आमचं स्वयंपाकघर आठवलं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि पप्पांनी दुसरं लग्न केलं होतं. नवी आई मुरगूडची. तिच्या प्रत्येक गोष्टीचा मला संशय यायचा, अगदी तिने भातावर जास्त तूप वाढलं तरी.

ईस्टरच्या आदल्या दुपारी तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. ही आता आईची भांडी मोडीत काढणार, असं वाटून मी दार ढकललं. ती जमिनीवर बसून कांद्याच्या सालींत उकडलेली अंडी फडक्यातून सोडवत होती. तांबूस कवचावर कोथिंबिरीच्या पानाचा फिकट ठसा उमटला होता.

"उचगावला तुझ्या मावशीकडं गेलते शिकायला," ती म्हणाली. "तुला एकदम दाखवायचं हुतं. बघ की, तुझ्या आईगत झाल्यात का?"

अगदी तशीच झाली होती. म्हणूनच मला तिचा राग आला.

"न्हाईत," मी म्हणाले. "आई अशी करत न्हवती."

तिने भाजलेली बोटं पदराला पुसली आणि माझ्यासाठी पाट सरकवला. "मग कशी करायची ती? मला शिकीव की."

मी पाटावर बसले. त्या घरात खोटं बोलणारी मी एकटीच होते, आणि तिला माझा संशयही आला नाही.